अभ्यासाचा निरोप

(मंडळाच्या वार्षिक विद्यार्थी गुणगौरव समारंभात एका निवृत्त शिक्षकाने केलेले भाषण)



या समारंभात चार शब्द बोलण्याचा मान आपण मजसारख्या केवळ मॅट्रिक झालेल्या माणसास दिला, याबद्दल मी आपला अत्यंत ऋणी आहे. समोर वकील बसले आहेत, अभियंते बसले आहेत, दोन-तीन डॉक्टरही दिसतात. त्यांपैकी काहींचे कान मी एके काळी पिळलेले आहेत, एवढीच काय ती या व्यासपीठावर उभे राहण्याची माझी पात्रता! १९७९ साली मी मॅट्रिक झालो, दोन वर्षे अध्यापक विद्यालयात काढली आणि १९८१ पासून ३० जून २०२१ पर्यंत, म्हणजे चाळीस वर्षे, हातात खडू धरला. बहुतेक काळ पाचवी ते आठवीचे वर्ग मजकडे असत. शेवटची काही वर्षे, शिक्षकांची संख्या अपुरी पडल्यामुळे, नववी-दहावीस इतिहास, राज्यशास्त्र आणि भूगोल शिकविण्याचे कामही मजवर आले.

कार्यवाहांनी भाषणाचा विषय विचारला, तेव्हा ‘शिक्षण आणि समाजोन्नती’ अशासारखे एखादे भारदस्त नाव मी सांगेन, अशी त्यांची अपेक्षा असावी. परंतु त्या विषयावर पुष्कळ थोर मंडळी आपल्यापुढे बोलून गेली आहेत. मी आज एक अगदी लहान, किंबहुना क्षुल्लक वाटणारी गोष्ट मांडणार आहे. ती अशी की, हायस्कुलात सामाजिक शास्त्रे शिकणाऱ्या आपल्या मुलास आज वर्गात कोणता पाठ झाला, कोणता गृहपाठ मिळाला आणि तो कोणत्या दिवशी द्यावयाचा आहे, हे वेळेवर कळते काय? ‘मुलगा अभ्यास करीत नाही’ अशी तक्रार घरोघर ऐकू येते. कोणता अभ्यास करावयाचा, हे त्यास ठाऊक आहे काय, असे मात्र कोणी विचारीत नाही. ज्यास काम सांगितलेलेच नाही त्यास आळशी म्हणणे हा अन्याय होय, आणि असा अन्याय मी स्वतः पुष्कळ वर्षे केलेला आहे. म्हणून हे भाषण उपदेशाचे नसून बरेचसे कबुलीचे आहे.

शिक्षकाच्या कामाची ज्यांस माहिती नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. प्रत्येक शिक्षक वर्षाच्या आरंभी वार्षिक नियोजन करतो. कोणत्या महिन्यात कोणता पाठ घ्यावयाचा, हे त्यात लिहिलेले असते. मग घटक नियोजन असते आणि शेवटी रोजचे टाचण. मुख्याध्यापक त्यावर सही करतात, तपासणीस अधिकारी आले म्हणजे ते पाहतात आणि शेरा लिहितात. मी अतिशय सुबक अक्षरात टाचण काढीत असे व त्याबद्दल मला शेरेही चांगले मिळत. पण एक गोष्ट माझ्या ध्यानात यावयास दहा-बारा वर्षे जावी लागली. ज्या मुलांसाठी हे सारे नियोजन होते, त्यांनी ते कधी पाहिलेच नव्हते! वर्षभराची वाट शिक्षकास ठाऊक, मुख्याध्यापकांस ठाऊक, साहेबांस ठाऊक. ज्यास ती चालावयाची तो तेवढा अंधारात.

हे ध्यानात आणून दिले ते एका मुलाने. त्या काळी आपल्या पनवेल-उरणच्या बाजूस भातशेती पुष्कळ होती आणि लावणीच्या दिवसांत वर्गातील निम्मे बाक रिकामे असत. आठ दिवस लावणीस गेलेला एक मुलगा सोमवारी वर्गात आला. मी भूगोलाच्या तासास नकाशा भरून आणण्यास सांगितले होते. त्याने आणला नाही, म्हणून मी त्यास वर्गाबाहेर उभे केले. मधल्या सुटीत तो माझ्याजवळ आला आणि अगदी शांतपणे म्हणाला, “सर, कोणता नकाशा?” त्याच्या बोलण्यात उर्मटपणा नव्हता. त्यास खरोखरच ठाऊक नव्हते. मी त्यास शिक्षा केली होती ती न ऐकलेल्या आज्ञेचा भंग केल्याबद्दल!

दुसऱ्या दिवशी मी फळ्याच्या डाव्या कडेस वीतभर रुंदीचा एक पट्टा आखून घेतला आणि वर ठळक अक्षरात लिहिले, ‘पुसू नये’. त्या पट्ट्यात सोमवारपासून शनिवारपर्यंत रोज एकच ओळ लिहावयाची: वार, पाठाचे नाव, गृहपाठ आणि तो देण्याचा दिवस. शनिवारी शाळा सुटल्यावरच तो पट्टा पुसला जाई. दुसरी योजना अशी केली की, प्रत्येक आळीतील एक मुलगा अथवा मुलगी ‘निरोप्या’ नेमली. आपल्या आळीतील जो गैरहजर असेल त्याच्या घरी संध्याकाळी जावयाचे, ती एक ओळ सांगावयाची आणि दुसऱ्या दिवशी मला येऊन ‘सांगितले’ म्हणून कळवावयाचे. एवढ्याने काही सगळी मुले विद्वान झाली नाहीत. परंतु ‘मला माहीत नव्हते’ हे वाक्य त्या वर्गातून जवळजवळ नाहीसे झाले, आणि जे उरले त्यांचा आळस तरी मला खात्रीने आळस म्हणून ओळखता येऊ लागला.

आपण विचाराल, ही गोष्ट सर्वच विषयांस लागू आहे, मग सामाजिक शास्त्रांचेच नाव का घेता? त्याचे कारण आहे. गणित आणि इंग्रजी या विषयांस आज बहुतेक मुले क्लासला जातात. शाळेत काय चालले आहे हे क्लासचे सर विचारतात, नसेल तर पुढचे शिकवितात. म्हणजे त्या विषयांची वार्ता मुलास दोन दारांनी मिळते. इतिहास-भूगोलास दुसरे दारच नाही. घरीदारी समजूत अशी की, तो पाठांतराचा विषय आहे, तो फेब्रुवारीत पाहता येईल. वस्तुतः दहावीस इतिहास-राज्यशास्त्राची ४० आणि भूगोलाची ४० गुणांची लेखी परीक्षा असते, आणि २०१८ साली आलेली दहावीची पुस्तके पाठ करून भागण्याजोगी नाहीत. भूगोलाच्या पुस्तकाचा आरंभच क्षेत्रभेटीने होतो आणि पुढे साऱ्या वर्षभर भारत व ब्राझील या दोन देशांची तुलना करावयाची असते. इतिहासात प्रसारमाध्यमे, खेळ, पर्यटन, ऐतिहासिक ठेव्यांचे जतन असे पाठ आहेत. राज्यशास्त्रात सामाजिक व राजकीय चळवळींवर एक प्रकरण आहे.

आता या शेवटच्या प्रकरणाचेच पाहा. चळवळीचा पाठ शिकविताना मी मुलांस एक काम देत असे. घरातील वडीलधाऱ्या माणसास विचारून यावयाचे की, १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली त्यापूर्वी आपल्या घरची जमीन कोठे होती, तीत भात पिकत असे की मिठागर होते, आणि जानेवारी १९८४ च्या आंदोलनात घरातून कोण गेले होते. दि. बा. पाटील साहेबांच्या नेतृत्वाखाली झालेल्या त्या आंदोलनात १६ व १७ जानेवारी या दोन दिवसांत पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी हुतात्मा झाले, आणि प्रकल्पग्रस्तांच्या साडेबारा टक्के भूखंडांच्या मागणीस बळ आले ते त्या रक्तातून, हे आपणांस मी सांगावयास नको. पण आपल्या मुलांस ते सांगावयास हवे, आणि पुस्तकापेक्षा आजोबांच्या तोंडून ऐकलेले अधिक टिकते. उरण तालुक्यातील चिरनेरचा २५ सप्टेंबर १९३० चा जंगल सत्याग्रह, अलिबागजवळच्या चरीचा १९३३ पासून १९३९ पर्यंत चाललेला शेतकऱ्यांचा संप, ही सारी आपल्या अंगणातील इतिहासाची पाने आहेत.

परंतु असे काम आदल्या रात्री होत नाही. आजोबा गावी असतात, कधी बरे नसतात, कधी बोलण्याच्या मनःस्थितीत नसतात. आठ दिवस आधी कळले तर मूल त्यांच्याजवळ बसते, दोन वेळा विचारते, कपाटातील जुना सातबारा बाहेर निघतो. आदल्या रात्री कळले तर ते शेजारच्या मुलाच्या वहीतून उतरवून आणते. एकाच आजोबांची हकीकत मी सहा वह्यांत वाचलेली आहे! त्यात मुलांचा दोष किती आणि निरोप उशिरा पोहोचल्याचा दोष किती, याचा विचार आपणच करावा.

विद्यार्थ्यांस रोजची वार्ता द्यावी, हा विचार काही माझा नव्हे. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते आणि तेथील छात्रालयाची व्यवस्था त्यांजकडे होती. तेथे त्यांनी मुलांसाठी ‘छात्रालय दैनिक’ चालविले. ते हस्तलिखित होते. छापखाना नाही, पैसा नाही. एक माणूस स्वतःच्या हाताने मुलांसाठी लिहितो आणि मुले ते वाचतात. आज आपल्या खिशात जे यंत्र आहे त्याच्या तुलनेने ते साधन किती तोकडे! पण त्या साधनात एक गुण होता. लिहिणाऱ्यास वाचणारा प्रत्यक्ष डोळ्यांसमोर दिसत असे. कोणी वाचले आणि कोणी वाचले नाही, हे त्यास विचारावे लागत नसे.

हा गुण किती मोलाचा आहे, हे मला माझ्या नोकरीच्या अगदी शेवटच्या वर्षी कळले. ती हकीकत सांगतो.

मार्च २०२० मध्ये करोनाची साथ आली. दहावीचा भूगोलाचा पेपर २३ मार्चला व्हावयाचा होता. तो आधी पुढे ढकलला आणि नंतर रद्द झाला, व त्या विषयाचे गुण इतर विषयांच्या सरासरीवरून देण्यात आले. जूनमध्ये नवे वर्ष सुरू झाले ते बंद शाळेत. आम्ही प्रत्येक वर्गाचा व्हॉट्सअ‍ॅपवर गट केला. माझे वय तेव्हा ५७ होते. मोबाईलवर मराठी लिहावयास मी नातवाकडून शिकलो आणि रोज संध्याकाळी सहा वाजता, एकही दिवस न चुकता, दहावीच्या गटावर लिहू लागलो. आजचा पाठ अमुक, स्वाध्यायातील प्रश्न अमुक, वहीचे छायाचित्र अमुक तारखेपर्यंत पाठवावे. जुलैमध्ये शासनाने अभ्यासक्रमाचा २५ टक्के भाग त्या वर्षापुरता कमी केला, तेव्हा कोणता भाग वगळला तेही मी तपशिलाने लिहिले. फळ्यावरील ‘पुसू नये’ या पट्ट्यापेक्षा हे किती सोयीचे, असे मला वाटले. येथे पुसण्याचा प्रश्नच नव्हता!

एक गोष्ट मात्र मी रोज पाहत होतो आणि मला ती दिसत नव्हती. मी पाठविलेल्या प्रत्येक मजकुराखाली एकच खूण उमटत असे. एकट्या माणसास पाठविले की थोड्या वेळाने दोन खुणा दिसतात, हे मला ठाऊक होते. गटात एकच राहते; मी समजलो की गटाची रीतच अशी असावी. सात महिने मी ती एक खूण पाहत होतो.

२०२१ साली दहावीची परीक्षाच रद्द झाली. निकाल कसा लावावयाचा, हे मे महिन्याच्या अखेरीस शासनाने ठरविले. प्रत्येक विषयाच्या १०० गुणांपैकी ५० गुण नववीच्या निकालावरून, ३० गुण दहावीतील वर्षभराच्या लेखी मूल्यमापनावरून आणि २० गुण गृहपाठ, तोंडी परीक्षा, प्रात्यक्षिक यांवरून. म्हणजे ज्या गृहपाठास आपण सर्वांनी चाळीस वर्षे दुय्यम मानले होते, तो एकाएकी बोर्डाच्या निकालात जाऊन बसला. जून महिना माझ्या नोकरीचा शेवटचा. गुणांचे तक्ते भरताना दोन नावांपुढील रकाना मला कोरा आढळला. एक मुलगी, एक मुलगा. दिवाळीपासून दोघांकडून एक अक्षर आले नव्हते. माझा हात किमान गुण लिहिण्यासाठी पुढे झालाही होता. शेजारी बसलेल्या एका तरुण शिक्षिकेने सहज विचारले, “सर, यांना निरोप पोहोचले होते का, ते पाहिलंत?” आणि तिने मला त्या एका खुणेचा अर्थ सांगितला. गटातील प्रत्येकाच्या फोनवर मजकूर पोहोचल्याखेरीज दुसरी खूण उमटत नाही. मजकुरावर बोट दाबून धरले की कोणास मिळाला आणि कोणास नाही, त्यांची नावेही दिसतात. त्या मुलीच्या घरचा नंबर नोव्हेंबरपासून बंद होता.

मी तिच्या घरी गेलो. वडील खाडीत होडी घालणारे. दिवाळीच्या सुमारास फोन खाडीत पडला, नंतर कोणाचा जुना फोन घेतला, नंबर नवा आला. शाळेस कळवावे हे कोणास सुचले नाही. तिची आई म्हणाली, “गुरुजी, नवा फोन यांच्याबरोबर जातो. रात्री येतो तेव्हा पोर झोपलेली असते.” मैत्रीण आईबरोबर पेणला मामाकडे जाऊन राहिली होती. मध्यंतरी पालकांच्या लेखी संमतीने काही दिवस वर्ग भरले, तेव्हा घरात आजी अंथरुणावर, म्हणून हिला पाठविले नाही. मी मुलीस विचारले, “काही लिहिले आहेस का?” ती आत गेली आणि एक वही घेऊन आली. इतिहासाचे पाच पाठ, भूगोलाचे चार, प्रत्येकाचा सबंध स्वाध्याय पहिल्या प्रश्नापासून शेवटपर्यंत. टीपा होत्या, संकल्पनाचित्रे होती. जो भाग शासनाने वगळला होता तोही तिने लिहून काढला होता, कारण वगळला हे तिला सांगणार कोण? वही माझ्या हाती देऊन तिने विचारले, “सर, हे द्यायचं होतं का?”

बंधुभगिनींनो, मी त्यांच्या ओट्यावर बसलो, खिशातून लाल पेन काढले आणि संध्याकाळपर्यंत ती वही तपासली. तिचे गुण तक्त्यात गेले. पण मी जर त्या दिवशी गेलो नसतो तर? चाळीस वर्षे नोकरी केलेल्या शिक्षकाने एका कष्टाळू मुलीस शेवटच्या आठवड्यात ‘काम केले नाही’ असा शेरा देऊन निवृत्ती घेतली असती.

आता त्या मुलाचे सांगतो. त्याच्या बाबतीत फोन चालू होता. तो थोरल्या भावाचा होता. निरोप पोहोचत होते, ते भावाच्या हातात. भावाने ते धाकट्यास दाखविले नाहीत; दुष्टपणाने नव्हे, त्यास त्यांचे महत्त्व वाटले नाही एवढेच. मी दोनदा त्याच्या घरी गेलो; दोन्ही वेळा मुलगा गोदामात माल चढविण्याच्या कामावर गेलेला होता. तपासावयास वहीच नव्हती. १६ जुलै २०२१ रोजी निकाल लागला, राज्यात ९९.९५ टक्के विद्यार्थी उत्तीर्ण झाले आणि त्यांत तोही होता. अकरावीस मात्र त्याने नाव घातले नाही. निकालाच्या आकड्यात तो पास आहे; माझ्या हिशेबात मी त्याच्यापुरता नापास आहे.

या दोन मुलांचा विचार करताना मला माझ्या वडिलांची आठवण होते. आमच्या जमिनीच्या संपादनाची नोटीस गावच्या चावडीवर लागली होती. १८९४ च्या भूसंपादन कायद्याप्रमाणे अधिसूचना राजपत्रात येई, तिचा मजकूर गावात सोयीच्या ठिकाणी लावला जाई आणि तीस दिवसांत हरकत घ्यावयाची असे. कागद लागला, कायद्याने कळविले असे झाले. माझ्या वडिलांस वाचता येत नव्हते. ते रोज त्या चावडीवरून शेतावर जात आणि रोज परत येत. त्या कागदात काय आहे हे त्यांस कळले तेव्हा मुदत उलटून गेली होती. हरकत घेतली असती तर जमीन राहिली असती, असे मी म्हणत नाही. पण आपल्या जमिनीविषयी आपणांस बोलावयाचे होते आणि ते बोलता आले नाही, हे शल्य त्यांच्या मनातून शेवटपर्यंत गेले नाही. ‘लावले होते की चावडीवर!’ हे उत्तर त्यांनी आयुष्यभर ऐकले. आणि त्यांचा मुलगा, शिक्षक होऊन, सात महिने स्वतःशी तेच म्हणत होता: ‘टाकले होते की गटावर!’

माझे सांगणे एवढेच आहे. लावलेली नोटीस म्हणजे पोहोचलेला निरोप नव्हे. आपल्या वाडवडिलांचे जे नुकसान झाले त्यात हा फरक एक कारण होता, आणि तो फरक आपण आपल्या मुलांच्या बाबतीत तरी विसरू नये.

काही सुजाण पालक म्हणतील, आता करोना गेला, शाळा भरतात, शाळेचा ग्रुप आहे, काही शाळांचे अ‍ॅप आहे. आता अडचण कोणती? अडचण आता उलट्या बाजूने आली आहे. पूर्वी निरोप मिळत नसे. आता निरोपांचा ढीग पडतो. सकाळी फुलांची चित्रे, दुपारी वाढदिवसाच्या शुभेच्छा, संध्याकाळी कोणाची हरवलेली छत्री, आणि या साऱ्यांच्या खाली कोठेतरी ‘भूगोल, पाठ तिसरा, सोमवारपर्यंत’ ही एक ओळ. शंभर कागदांच्या खाली दबलेली नोटीस आणि न लागलेली नोटीस यांत फरक तो काय?

दुसरा आक्षेप अधिक विचार करण्याजोगा आहे. दहावीच्या मुलास रोज काय करावयाचे हे सांगत बसलो तर तो आपल्या पायांवर उभा कधी राहणार? हा आक्षेप मला मान्य आहे. म्हणून माझे म्हणणे असे की, पाचवी-सहावीत निरोप शिक्षकाने द्यावा, आठवीत मुलाने तो लिहून घ्यावा आणि दहावीत त्याने स्वतः विचारून मिळवावा. पण ही पायरी त्यास शिकवावी लागते. न शिकविता ‘तू आता मोठा झालास’ असे म्हणणे म्हणजे पोहावयास न शिकविता खाडीत ढकलून देणे होय.

आता करावयाचे काय ते थोडक्यात सांगून मी आपली रजा घेणार आहे.

विद्यार्थी मित्रांनो, एक लहान वही करा. तिला मी निरोपवही म्हणतो. प्रत्येक तासाच्या शेवटी तीत एकच ओळ लिहा: तारीख, विषय, पाठ, काम, देण्याचा दिवस. वर्गातील एक जोडीदार ठरवा. तो नसेल त्या दिवसाची ओळ तुम्ही त्याच्यासाठी लिहावी, तुम्ही नसाल त्या दिवसाची त्याने. एकवीरेच्या यात्रेस जा, काकांच्या हळदीस रात्रभर जागा, मी नाही म्हणत नाही. आपल्या घरची हळद चुकवून अभ्यास करा असे सांगण्याइतका मी कठोर नाही. पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत ती ओळ वहीत आली पाहिजे.

माताभगिनींनो, आपणांपैकी काहींस वाचता येत नसेल. त्याची लाज बाळगू नका. माझ्या आईसही येत नव्हते. ‘आज शाळेत काय झाले?’ असे विचारू नका, कारण त्यास ‘काही नाही’ हे उत्तर ठरलेले आहे. विचारा: ‘आज इतिहासाच्या तासाला काय शिकविले? काय लिहून आणावयास सांगितले? ते कधी द्यावयाचे?’ तीनच प्रश्न. उत्तर बरोबर आहे की चूक, हे आपणांस कळले नाही तरी चालेल. आपली आई विचारणार आहे, हे मुलास कळले म्हणजे पुरे. आणि घरातील फोनचा नंबर बदलला, तर नातलगांच्या आधी शाळेस कळवा.

माझ्या शिक्षक बंधुभगिनींना मी काय सांगणार? गटावर टाकलेल्या मजकुराखालील खूण पाहा, एवढेच. जो मुलगा उत्तर देत नाही त्यास आळशी ठरविण्यापूर्वी एकदा त्याच्या घरापर्यंत जा. वार्षिक नियोजनाची एक प्रत साहेबांच्या फाईलमध्ये लावा आणि एक वर्गाच्या भिंतीवर.

शेवटी मंडळास एक विनंती. निवृत्त झाल्यावर मी माझ्या घराच्या ओट्यावर एक जुना फळा टांगला आहे. आमच्या गावठाणातील मुले वेगवेगळ्या शाळांत जातात. आठवी, नववी, दहावीची मुले रविवारी सकाळी येतात आणि आपापल्या शाळेत त्या आठवड्यात सामाजिक शास्त्रांचे काय झाले, पुढच्या आठवड्यात काय द्यावयाचे आहे, ते त्यावर लिहितात. कधी वीस येतात, कधी चारच. जो आला नाही त्याच्या घरी जो जवळ राहतो तो जातो. हे फार मोठे कार्य नाही. पण माझे पाय आता दुखतात, आणि एका ओट्याने सारी गावठाणे झाकत नाहीत. आपले मंडळ दर वर्षी गुणवंतांस स्मृतिचिन्हे देते. ती जरूर द्यावीत. पण जे स्मृतिचिन्हापर्यंत पोहोचले नाहीत, त्यांच्यासाठी प्रत्येक गावठाणात, समाजमंदिरात किंवा देवळाच्या सभामंडपात, एक फळा आणि रविवारी दोन तास देणारा एक महाविद्यालयीन तरुण एवढे मंडळाने द्यावे. फळ्याच्या एका कडेस पट्टा आखावा आणि वर लिहावे, ‘पुसू नये’. पहिल्या फळ्याचा खर्च माझ्या निवृत्तिवेतनातून मी आनंदाने देईन.

आज ज्यांचा सत्कार झाला त्या मुलांचे मी मनःपूर्वक अभिनंदन करतो. तुमच्यापर्यंत निरोप पोहोचला होता. तुमच्या शेजारच्या घरापर्यंत पोहोचला होता काय, एवढे जाताना विचारून जा.